आपोलिनाचे सात तास

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

दुपारी पुण्याच्या इस्पितळाचं पाकीट आलं. आत जाड कागदावरचं सर्टिफिकेट, त्यावर आपोलिनाचं नाव सोनेरी अक्षरांत, आणि सोबत दोन पानांचं पत्र. फेब्रुवारीत ती गेली तेव्हा आम्ही तिच्या दोन्ही किडन्या दिल्या होत्या. उजवी गोव्यातल्या एका पेशंटला बसवली, ती चांगली चालली आहे, असं लिहिलंय. मग पुढे: ‘डावे मूत्रपिंड प्रत्यारोपणास योग्य न ठरल्याने, कुटुंबाच्या संमतीने, उष्ण यंत्र-अभिसरणाच्या अभ्यासासाठी सात तास वापरण्यात आले.’

हे वाक्य मी आधी उभ्याने वाचलं. मग चष्मा पुसून, बसून वाचलं.

जवळजवळ सात महिने मी लोकांना सांगत आलो की माझी बायको दोन माणसांत जगते आहे. महिन्याच्या मिस्सेला, तिच्यासाठीच्या प्रार्थनेत, फादरांनीही तेच सांगितलं होतं. देवळाबाहेर बायकांनी येऊन माझे हात धरले होते. आता त्यातलं अर्धं खोटं निघालं.

कुटुंबाची संमती म्हणजे कोणाची? कुटुंब म्हणजे मी आणि फेबी. मी अशा कशावर सही केल्याचं मला आठवत नाही.

ही डायरी बँकेने जानेवारीत दिलेली, कोरीच पडली होती. आजवर जे मनात आलं ते आपोलिनाला सांगत आलो. ती शिलाई करता करता ऐकायची, कधीकधी ऐकायचीही नाही. आता सांगणार कोणाला, म्हणून लिहितो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

फेबीला फोन लावला. आमची एकुलती एक मुलगी, दोहाला नर्स आहे. तिची ड्युटी बघून फोन करावा लागतो. पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, “सही मी केली, पप्पा. तुमी तेवा कोणाशीच बोलत नव्हतात.”

मी विचारलं, मला नंतर तरी का नाही सांगितलंस? तर म्हणे, सांगायचं होतं. “तुमका आणखी एक सांगूचा आसा,” असं ती म्हणाली. मला आणखी काही ऐकायचं नव्हतं. मी फोन ठेवला.

तिच्या आईचा तुकडा तिने यंत्राला दिला आणि बापाला विचारलं नाही. अन्याय करतोय का तिच्यावर? असेन करत.

९ सप्टेंबर, मंगळवार

फेबीचे तीन फोन. घेतले नाहीत. शेजारच्या सुगंधाने बांगडा माशांचं तिखलं कालवण आणून दिलं आणि विचारलं, “भावोजी, फेबी माका फोन करता, तुमी उचलत नाय म्हणान. काय झाला?” मी म्हटलं, रेंज नाही. बंदराजवळच्या घरात रेंज नाही हे तिला पटलं नसणार.

१४ सप्टेंबर, रविवार

मिस्सेनंतर एका बाईने विचारलं, त्या दोघांची काही खबर? मी म्हणालो, दोघंही बरे आहेत. देवळाच्या पायरीवर उभा राहून म्हणालो. आपोलिना असती तर तिने कोपराने ढोसलं असतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पत्राखालच्या नंबरावर फोन केला. दीपिका नावाची बाई अवयवदानाचं काम बघते. आवाज समजूतदार. मी ऑफिसात बोलतात तसं शुद्ध मराठीत सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला घसरलो.

मी तिला म्हटलं, ‘उष्ण यंत्र’ म्हणजे काय? मेलेल्या गोष्टीला गरम करून काय बघितलंत?

ती म्हणाली, मेलेली नव्हती. किडनी बर्फातून आणली की या यंत्रावर घेतात, शरीराएवढ्या उबेत ठेवतात, तिच्यातून रक्त फिरवतात. ती काम करते का, कसं करते, ते बघतात. तुमच्या मिसेसची किडनी काम करत होती.

“सात तास?” मी विचारलं.

“हो. पूर्ण सात तास.”

मग मी काय बोललो ते आठवत नाही. शेवटी ती म्हणाली, त्या दिवशी यंत्रापाशी ज्या डॉक्टर होत्या त्या तुमच्याच बाजूच्या आहेत, कुडाळपलीकडे कडावलच्या, डॉ. किशोरी. त्यांना विचारून बघते. ज्यांना उजवी किडनी मिळाली त्यांच्याबद्दल मात्र काही सांगता येणार नाही.

मला त्यांच्याबद्दल काही नकोच आहे. हे वाचायला वाईट वाटतं, पण खरं आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात. तिचा हात.

गोव्याच्या इस्पितळात, काचेच्या खोलीत, डॉक्टरांनी सांगितलं की मेंदू संपला आहे, दोनदा तपासून झालं आहे. मी तिचा हात धरून होतो आणि तो गरम होता. माझ्यापेक्षा गरम. मी चाळीस वर्षं बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त केली. हात लावून इंजिन बंद झाल्याला किती वेळ झाला ते मी सांगू शकतो. तो हात मला सांगत होता की काही बंद झालेलं नाही. तरी मी मान डोलावली, कारण फेबीने डोलावली.

आपोलिनाचे पाय मात्र बारा महिने गार. रात्री झोपताना माझ्या पोटऱ्यांवर टेकवायची. मी ओरडायचो. लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी ओरडायचो. आता पायांशी चादर गुंडाळून ठेवतो आणि झोप येत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

त्या सकाळचं एकदा लिहून काढावं असं ठरवून बसलो. सोमवार होता, दहा फेब्रुवारी. सव्वासात वाजले होते. मी चहा पीत होतो, ती आतून आली आणि म्हणाली,

आज नको.

११ ऑक्टोबर, शनिवार

बाबलीच्या ट्रॉलरचं इंजिन धूर सोडतंय म्हणून तो मला बोलवायला आला. फेब्रुवारीपासून मी पाना हातात घेतलेला नाही. नाही म्हटलं. बाबली म्हातारा झाला, पण ओट्यावर अर्धा तास बसला. तोही त्या सकाळचा विषय काढत नाही. त्याच्याच बोटीवर होतो मी.

फेबीने सुगंधाकडून निरोप पाठवला: तब्येत सांभाळा, मीठ कमी खा. आता हे काय मध्येच? बापाशी भांडण आहे आणि मिठाची काळजी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज डॉ. किशोरी येऊन गेली. भाऊबीजेला माहेरी आली होती, कडावलहून स्कूटर घेऊन एकटीच आली. तिशीची असेल. मला वाटलं होतं कोणी मोठ्या वयाची बाई येईल. ओट्यावर चपला काढून उभी राहिली आणि म्हणाली, “काका, मी फार वेळ घेणार नाही.” बसली मात्र अडीच तास.

सगळं नीट आठवेल तसं लिहितो.

सुरुवातीला ती पुस्तकी मराठीत बोलत होती. किडनी तिच्याकडे आली ती बर्फाच्या पेटीतून, राखाडी, मध्ये मध्ये काळपट डाग. गोव्यातच बर्फाचं पाणी आत सोडताना ती नीट धुतली गेली नव्हती, म्हणून शंका होती. यंत्रावर घेतली तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. तेरा फेब्रुवारी. एक पंप, एक ऑक्सिजन मिसळायचं भांडं, एक हीटर, रक्तपेढीतलं रक्त, त्यात साखर आणि इतर अन्न. सदतीस अंश.

पंपाचं, हीटरचं मला समजतं. मी प्रेशर किती ठेवता ते विचारलं. तिने सांगितलं आणि जरा हसली, हे कोणी विचारत नाही म्हणाली.

दहा मिनिटांत रंग पालटू लागला. साडेदहा-पावणेअकराला लघवीचा पहिला थेंब आला. मग म्हणाली की पहिल्या दोन-तीन तासांत किडनी साखर भराभर संपवत होती, पण ऑक्सिजन नीट वापरत नव्हती. अशाने लॅक्टेट नावाचं आम्ल तयार होतं आणि रक्तात साचत जातं. दर तासाला थोडं रक्त काढून ती हे मोजत होती. माझ्या तोंडाकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, ती एकदम आपल्या बोलीवर आली.

“काका, थंड इंजिन चालू केल्यार काळो धूर येता मां?”

“डिझेल पुरता जळत नाय म्हणान.”

“तसाच ता. धूर वाढत होतो.”

दीड वाजता सर्जन लोक जमले. त्यांचा तेव्हाचा नियम तीन तासांचा. धूर वाढतोय, रक्त आतून मोकळं फिरत नाही, जोखीम नको, असं ठरलं. ज्याला ती बसवायची होती तो माणूस सकाळपासून उपाशी होता. त्याला घरी पाठवलं. कागदावर फेबीची सही होती, लावता आली नाही तर अभ्यासासाठी ठेवा अशी. म्हणून किशोरीने यंत्र चालू ठेवलं. सर्जन गेले आणि ती एकटी त्या खोलीत राहिली.

आणि पावणेतीनला लॅक्टेट खाली येऊ लागलं.

तिला वाटलं, मोजण्यात चूक झाली. पुन्हा मोजलं. साडेतीनला आणखी खाली. किडनी ऑक्सिजन घेऊ लागली होती. साचलेलं आम्ल ती आता इंधन म्हणून परत आत घेत होती. “आपलोच धूर परत जाळूक लागली,” असं ती म्हणाली. लघवी वाढली. पाच वाजेपर्यंत तीनशे मिलिलिटर.

मी विचारलं, मग तेव्हा का नाही बसवली? तो माणूस परत बोलावता आला नसता?

ती हातातल्या कपाकडे बघत होती. चहा तिने घेतलाच नव्हता. म्हणाली, “मी फोन केलेलो सर्जनांका. ते म्हणाले, ठरला ता ठरला. त्यांचा तसा चुकला नाय. इतक्या उशिरान किडनी सावरता, ह्या तोपर्यंत आमी कोणी बघूकच नव्हता.”

आता ते सहा तास थांबतात. त्यांच्या अभ्यासातली आपोलिनाची किडनी तिसरी होती. त्यानंतर उशिरा सावरलेल्या दोन किडन्या त्यांनी बसवल्या, दोन्ही चालल्या आहेत. हे सांगताना तिला वाटलं असेल मला बरं वाटेल. मला त्या दोघांचं काहीच वाटलं नाही. मी विचारलं, बंद कधी केलं?

“पाच वीसला. पंप माझ्याच हातान बंद केलो.”

मी म्हटलं, चार वाजता आम्ही तिला पुरलं. गोव्याहून ॲम्ब्युलन्स हद्दीवरच्या बांद्यावरून आली, बारापर्यंत घरी, तीनला देऊळ, चारला सिमेतरी. मी पहिली मूठ टाकली तेव्हा चार वाजले होते.

बाहेर सुगंधाचं काहीतरी वाळत घालणं चाललं होतं.

मग मी ते विचारलं, जे विचारण्यासाठी मी एवढे दिवस तिची वाट बघत होतो. मला स्वतःलाही तोवर कळलं नव्हतं. मी तिला ती सकाळ सांगितली. आपोलिना आतून आली आणि म्हणाली, “माझा डोक्या फुटता. आज जाव नको रे.” बाबलीची बोट भरतीबरोबर सोडायची होती. मी म्हटलं, गोळी घे, पड जरा, धा वाजता येतंय. शर्ट बोटीवर खिळ्याला अडकवला होता, मोबाइल त्यात. आठ चाळीसला तिचा फोन आला होता. इंजिन चालू होतं, ऐकू आलं नाही. तो मिस्ड कॉल अजून माझ्या फोनमध्ये आहे. सव्वाअकराला सुगंधा ब्लाउज न्यायला आली, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात पडलेली. आधी ओरोसचं सरकारी इस्पितळ, तिथून गोवा.

“चार तास मी उशीर केलो,” मी म्हणालो. “म्हणान ती किडनी फुकट गेली काय? खरा सांग, बाय.”

किशोरी म्हणाली, मेंदूचं मी सांगू शकत नाही. लवकर नेलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत नाही आणि मी माहीत असल्यासारखं बोलणार नाही. पण किडनीचं सांगू शकते, कारण तिचा कण मी स्वतः मायक्रोस्कोपच्या काचेखाली बघितला. आतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड झाल्या होत्या. ते चार तासांत होत नाही. दहा-बारा वर्षं लागतात.

“त्यांका बीपी होता, काका. खूप वर्सांचा. गोळये घेयत होते काय?”

मी म्हटलं, नाही. तिला काही नव्हतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग विषय बदलून म्हणाली, आमच्याकडे फक्त नंबर असतो, तीन नंबर. नाव मला परवा दीपिकाने सांगितलं. कशा होत्या त्या? मी सांगितलं की शिंपीण होती, मुलींच्या पहिल्या कम्युनियनचे फ्रॉक सगळ्या मालवणात तिच्याकडून शिवून जायचे, दोरा दातानेच तोडायची म्हणून पुढच्या दाताला खाच पडली होती. गाताना बेसूर, तरी देवळात सगळ्यात मोठा आवाज. किशोरी ऐकत होती. पंप बंद केला त्या दिवशी रात्रीपर्यंत तिला स्वतःला जेवण गेलं नव्हतं, असं मध्येच म्हणाली. कामाच्या गडबडीत असेल.

जाताना मी तिला कोकमाची बाटली दिली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दहा-बारा वर्षं.

दुपारी डोक्याला फडकं बांधून, खिडकी लावून पडायची. मी समजायचो शिलाईने डोळे शिणले. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात नाकातून रक्त आलं, मी म्हटलं उन्हाळा. जिना चढताना थांबायची, मी म्हटलं वजन कमी कर. बोटीच्या इंजिनाचा आवाज किंचित बदलला तर मी जेटीवरून ओळखायचो.

चार तासांचं ओझं घेऊन मी सात-आठ महिने फिरलो. किशोरीने ते उतरवलं आणि त्याच्या जागी हे ठेवलं. तिचा दोष नाही. मीच खरं सांग म्हटलं होतं.

तरी एक गोष्ट. काल रात्री झोप लागली.

२ नोव्हेंबर, रविवार

आज मृतांचा दिवस. सिमेतरीत सगळ्या थड्यांवर मेणबत्त्या. वारा होता, आपोलिनाच्या विझत होत्या, मी परत परत लावत होतो. फादर पाणी शिंपडत आले. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की दुसरी किडनी कोणाला बसली नाही, मी गेले दोन महिने खोटं बोलतोय. ते म्हणाले, आता सांगितलंस ना. एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं काहीतरी मोठं सांगतील.

घरी येऊन फेबीला फोन लावला. अठ्ठावन्न दिवसांनी. पहिल्या रिंगला उचलला.

डॉक्टर येऊन गेली ते सांगितलं. सात तासांचं सांगितलं, पावणेतीनचं सांगितलं. ती नर्स आहे, तिला माझ्याहून जास्त कळत असणार, तरी ती मध्ये बोलली नाही. मग मी म्हटलं, तुझ्या आईला वर्षानुवर्षं बीपी होतं. कोणाला कळलं नाही. तू तुझं तपासून घे, हे घराण्यात येतं म्हणतात.

“माका म्हायत होता, पप्पा.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

तिने मग सगळं सांगितलं, न थांबता, जसं कोणी पाठ केलेलं म्हणतं तसं. तीन वर्षांपूर्वी ती रजेवर आली तेव्हा तिने गंमत म्हणून आईचं बीपी मोजलं होतं. एकशे ऐंशी आणि एकशे दहा. गोळ्या आणून दिल्या. पण त्याच महिन्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि आपोलिनाने तिला शपथ घातली, पप्पांना सांगायचं नाही, आधी त्यांचं होऊ दे. काही महिने गोळ्या घेतल्या. मग, बरं वाटतं म्हणून सोडल्या. फेबी फोनवर विचारायची, ती घेते म्हणायची. फेबीला आवाजावरून कळायचं की घेत नाही.

“मी नर्स आसंय, पप्पा. रोज परक्यांचा बीपी बघतंय.” मग म्हणाली की गोव्यात कागद पुढे आला तेव्हा तिला वाटलंच होतं, या किडन्यांतली एखादी नापास होणार. ती फेकून देऊ नये, कोणीतरी निदान नीट बघावी, म्हणून सही केली. “आमी कोणी बघूक नाय तिका.”

पाच सप्टेंबरला ती हेच सांगत होती. आणि मी फोन ठेवला होता. सही केल्याचा राग मी दोन महिने धरून बसलो, आणि ती पोरगी तिकडे परक्या देशात, नळाशी उभी राहून हात धुताना, रस्ता ओलांडताना, हेच घेऊन फिरत होती.

तुझी चूक नाही, असं म्हणावंसं वाटलं, पण मला कोणी तसं म्हटलं असतं तर मी मानलं नसतं. मी म्हणालो, “नाताळाक ये.”

ती म्हणाली, रजा मिळणं कठीण आहे.

“माग तरी,” मी म्हटलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाबलीच्या बोटीवर गेलो. इंजेक्टर साफ केले. दुपारपर्यंत धूर गेला. परत येताना सवयीने वाटलं, घरी जाऊन सांगावं. घराच्या दारापर्यंत ते वाटणं टिकलं.

फेबीचा रोज फोन येतो. फार बोलत नाही आम्ही. ती विचारते काय जेवलात, मी सांगतो. कधी ती आईचं काहीतरी विचारते, मला माहीत नसलेलं असतं. कधी मी सांगतो ते तिला नवीन असतं. आपोलिना आम्हा दोघांना वेगवेगळं सांगायची असं दिसतं.

२० डिसेंबर, शनिवार

मोपाला फेबीला आणायला गेलो. दहा दिवसांची रजा. गेल्या वेळी याच विमानतळावर ती उतरली तेव्हा मी न्यायला नव्हतो, काचेच्या खोलीत होतो. बाहेर आली, बॅग खाली ठेवली, आणि दोघांनाही आधी काय करायचं ते सुचेना. मग तिने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. तिची आई असंच करायची, चारचौघांत, मला राग यायचा. आज आला नाही.

गाडी बांद्याला आली तेव्हा तिने विचारलं, आईची ॲम्ब्युलन्स इथूनच गेली ना? मी म्हटलं, हो. तिने खिडकीची काच खाली केली.

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी सुगंधा नाताळाच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला आली, आपोलिना गेल्यापासून घरात पहिल्यांदा तुपाचा वास आला. फेबी सिमेतरीत जाऊन एकटीच बसून आली. डोळे सुजलेले, पण जेवली नीट.

दुपारी तिने बॅगेतून बीपी मोजायचं यंत्र काढलं. मी म्हटलं, मला काही नाही. म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं. हात पुढे केला.

एकशे अडुसष्ट, अठ्ठ्याण्णव.

पाच मिनिटांनी तिने पुन्हा मोजलं, मग दुसऱ्या हाताला. आकडे जवळजवळ तेच. ती बाजारातल्या डॉक्टरांकडे मला घेऊन गेली, त्यांनी गोळी लिहून दिली, रोज एक, आयुष्यभर. घरी येऊन तिने पाण्याचा पेला पुढे धरला आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहिली. तोंड उघडून दाखवायला लावणंच काय ते बाकी ठेवलं.

मग मी म्हटलं, आता तू बस. ती म्हणाली, माझं ड्युटीवर होतं मोजून. मी म्हटलं, मी बघितलेलं नाही.

पट्टा कसा गुंडाळायचा, नळी कुठल्या बाजूला, तिने दाखवलं. माझी बोटं जाड, दोनदा सुटला. प्रेशर चढताना पंपाचा बारीक आवाज येतो, तो मी नीट ऐकला. एकशे अठरा, शहात्तर. चांगलं आहे हे मलाही कळतं आता. तरी मी म्हटलं, परत एकदा बघूया, आणि तिने हात मागे घेतला नाही. मी चार वेळा मोजलं. चौथ्या वेळी ती डोळे मिटून बसली होती.

पट्टा सोडताना मनात आलं, आपोलिनाच्या दंडाला हा अगदी शेवटच्या टोकापर्यंत आला असता. मोजलं कधीच नाही मी. पण तिचा दंड केवढा होता ते माझ्या हाताला माहीत आहे.